जिना चढताना

४ फेब्रुवारी

खडू,

पत्र फाडू नकोस. निदान हे पान संपेपर्यंत तरी नको. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असणार, त्या मला इथून दिसताहेत. पत्ता तुझ्या लेकीकडून घेतला. तिला ओरडू नकोस, आत्या अगदी खनपटीलाच बसली तिच्या. घरचा पत्ता तिनं दिला नाही, कचेरीचा दिला. "घरी बाबा सरळ फाडतील, कचेरीत चार लोकांसमोर लाजतील," म्हणाली. डोकं आहे पोरीला. आमच्याकडून गेलंय.

सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला नाही. म्हणून आधी तब्येतीचंच लिहिते, बाकीचं लिहायला हात धजत नाही. मी मरता मरता वाचले. आता बरी आहे, चांगली दोन वेळा जेवते, शिवणाच्या मशीनवर बसते, यांच्याशी भांडते. ज्या डॉक्टरीणबाईंनी वाचवलं त्यांचे आभार मानायला गेले तर म्हणतात, "गोळ्या वेळेवर घ्या, तेच आभार." मग हे सगळं मी ठेवू कुठे? पोटात मावेना म्हणून तुला लिहायला बसले. त्यांनी काय केलं ते तुला कळेल. यांना सांगून काय उपयोग, यांना बसच्या इंजिनापलीकडे काही कळत नाही.

तर गेल्या मे महिन्यापासून मला थकवा. साधासुधा नाही रे. दुकानात मशीनवर बसलं की वाटायचं, जरा डोकं टेकवावं. एकदा टेकवलं, तर गिऱ्हाइकाच्या पँटवर गाल ठेवून तासभर झोपले. उठले तेव्हा गालावर अख्खी शिवण उमटलेली. वजन उतरत चाललं. शेजारणी म्हणायच्या, "छान बारीक झालीस गं, काय करतेस?" काय करणार, कपाळ! घास गिळवत नव्हता. सकाळी उठलं की मळमळ, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. रंगही काळवंडला. सगळे विचारायचे, उन्हात फिरतेस का? मी! जिला दिवसभरात ऊन दिसतं ते दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन परत जाणारं. तळहाताच्या रेषा तर तपकिरी झाल्या होत्या. त्या दिवसांत शाळेच्या तपकिरी गणवेशाचं काम होतं, मला वाटलं कापडाचा रंग जातोय. साबण लावला, लिंबू घासलं, शेवटी रॉकेलही लावलं. हाताला वास राहिला, रंग जाईना. कापडवाल्याशी जाऊन कडाकडा भांडले. बिचारा शपथा घेत होता की रंग पक्का आहे.

डॉक्टर झाले. कोपऱ्यावरचे झाले, पोटाचे झाले, घशातून नळी घालणारे झाले. एकांनी रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या. एकांनी अगदी मायेनं सांगितलं, "वय झालं, मुलं नाहीत, मन रमवा." मन रमवायला मी गाण्याच्या क्लासला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सतरंजीवरच झोपले.

आता गंमत ऐक. मला दहा वर्षं बीपीची गोळी चालू होती आणि मीठ बंद केलेलं होतं, हे तुला ठाऊकच आहे, तूच केलं होतंस. गेल्या ऑगस्टात कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि खूश झाले. "बघा ताई, मीठ सोडल्याचं फळ! गोळी बंद करू." बाकीच्या पेशंटांना माझं उदाहरण द्यायला लागले. मी मान खाली घालून बसले. त्यांना वाटलं, विनयानं. कसला विनय! चोराच्या मनात चांदणं. खडू, मी त्या दिवसांत चोरून मीठ खात होते. चिमूटभर नाही, मूठमूठ. बटणांच्या डबीत खडेमीठ भरून मशीनच्या खणात ठेवायचे आणि गिऱ्हाईक गेलं की एक खडा जिभेवर. यांना नाही सांगितलं, डॉक्टरांना तर नाहीच नाही. इतकी शाबासकी मिळाल्यावर कुठल्या तोंडानं सांगू?

तू लहानपणी शाळेतला खडू खायचास, म्हणून तर खडू. आई धपाटे घालायची. पुढे डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीला आलास आणि ऐटीत म्हणालास, "आई, माझ्या अंगात रक्त कमी होतं म्हणून खायचो, उगाच मारलंस." हे सगळं मला पाठ आहे, आणि तरी त्या मिठाच्या डबीशी त्याचा काही संबंध असेल असं एकदाही मनात आलं नाही. काखेत कळसा.

या डॉक्टरीणबाईंना इथं सगळे 'उलट्या फायलीच्या बाई' म्हणतात. त्यांची रीत अशी की तीच तक्रार घेऊन पेशंट तिसऱ्यांदा आला की त्या फाईल टेबलावर पालथी घालतात. आधी कोणी काय लिहिलंय, आपण स्वतः काय लिहिलंय, ते बघायचंच नाही. म्हणतात, "आज तुम्ही पहिल्यांदा आलात. सांगा." मी डिसेंबरात तिसऱ्यांदा गेले. फाईल पालथी झाली. मी सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी बीपी एकदा झोपवून मोजलं आणि एकदा उभं करून. उभी राहिले तशी मी त्यांच्या अंगावरच कोसळले. पाणी पाजून खुर्चीत बसवलं, माझा हात हातात घेतला, तळवा उघडून बराच वेळ बघत बसल्या. मी म्हटलं, कापडाचा रंग आहे. त्या म्हणाल्या, "हिरड्यांनापण कापड लावता का?" आरसा दिला. हिरड्यांवर तसलेच डाग. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आणि मला न सांगायचं असं काय ठरवून आला आहात?"

असं कुणी विचारतं का रे? मी पर्समधून बटणांची डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत रक्त घेतलं. रोगाचं नाव तुला मी काय सांगावं? मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात म्हणे, त्यांनी काम बंद केलंय. बाई म्हणाल्या, अजून एखादा ताप आला असता तर संपलं असतं. कोणत्या ओळीला ओळखलंस ते खरं खरं कळव. उगाच शहाणपणा नको, की पहिल्याच.

ताई


२६ फेब्रुवारी

खडू,

उत्तर आलं. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा मी मापं घेत होते, गिऱ्हाइकाच्या गळ्यात टेप तशीच सोडून आत पळाले. चार ओळी. "'मीठ' या शब्दावर. गोळ्या किती, कधी, ते कळव. इंजेक्शन घरात ठेव, दुकानातही ठेव. मी आता पेशंट तपासत नाही, बाकीचं तुझ्या डॉक्टरांना विचार." तीन ओळी डॉक्टरच्या आणि चौथी डॉक्टर नसल्याची. खडूचा अगदी खडूस झालास. पण मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि उशाशी ठेवलंय. खोटं कशाला सांगू, रडले.

गोळ्या: सकाळी उठल्या उठल्या दोन, दुपारी एक, संध्याकाळी अर्धी. शिवाय अंगात मीठ धरून ठेवणारी एक बारकी गोळी. पहिल्या आठवड्यात काय झालं सांगू? चौथ्या दिवशी मी जिना चढून गच्चीवर कपडे वाळत घालून आले आणि मग लक्षात आलं की मध्ये कुठे बसलेच नाही. तिथंच पायरीवर बसून हसत सुटले. हे खालून ओरडताहेत, "पडलीस का?" म्हटलं, "नाही हो, पडलेच नाही!"

ताप आला, उलट्या झाल्या, दात काढायचा असला की गोळ्या दुप्पट करायच्या, हे बाईंनी इतक्यांदा घोकून घेतलं की मी झोपेतही सांगेन. पोटात गोळी ठरत नसेल तर इंजेक्शन, आणि लगेच इस्पितळ. इंजेक्शन द्यायला कोण? हेच. पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, सुई बघून घामाघूम. बाईंनी संत्र्यावर सराव करायला सांगितला. यांनी संत्रं सोलून खाल्लं आणि माझ्या टाचण्यांच्या उशीवर सराव केला. आता उशी ओली असते सदान्‌कदा. पण शिकले. पर्समध्ये एक पिवळं कार्ड असतं, त्यावर रोगाचं नाव आणि काय करायचं ते मोठ्या अक्षरात. यांनी त्याची आणखी एक प्रत करून खिशात ठेवलीय, बसच्या परवान्याशेजारी.

मी सगळ्या डॉक्टरांकडे जाऊन आले, सांगायला, की असं असं निघालं. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "मी तर तुमचं कौतुक केलं होतं." त्यांचा चेहरा बघून मलाच भरून आलं. म्हटलं, डॉक्टर, मीठ खात होते हे मी तुम्हाला सांगितलंच कुठे? तुम्ही तरी काय सुतावरून स्वर्ग गाठणार? त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मनातून सांगते, यातला एकही जण वाईट नव्हता की आळशी नव्हता. ज्यानं त्यानं मी दाखवला तेवढाच तुकडा पाहिला.

आता तुझ्या चौथ्या ओळीबद्दल. दिवसभर विम्याचे कागद तपासतोस म्हणे, कुणाच्या इस्पितळाच्या बिलात काय बसतं नि काय बसत नाही. लेक तुझी सांगत होती की दवाखान्याचं शटर सात वर्षं बंद आहे, ना विकलास ना भाड्यानं दिलास, पाटीही तशीच आहे. आणि दर महिन्याला जाऊन कुलपाला तेल घालून येतोस. उघडायचंच नाही त्या कुलपाला कुणी तेल घालतं का रे?

बंद का केलास ते मला ठाऊक आहे. माझ्या एका वाक्यानं. आईच्या छातीत जळजळत होतं, तिनं तुला फोन केला, तू पित्ताची गोळी सांगितलीस आणि बारा दिवसांनी ती हृदयानं गेली. माणसं भेटायला आली होती, खोली भरलेली होती, आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, "गोळी सांगितलीस आणि फोन ठेवलास. डॉक्टर ना तू?" तू चप्पल पायात घातलीस आणि गेलास.

त्या दिवसाबद्दल अजून एक गोष्ट आहे. ती आज लिहीत नाही. गिऱ्हाईक आलंय.

ताई


२० एप्रिल

खडू,

गिऱ्हाईक वगैरे कुणी आलं नव्हतं. ते राहू दे.

तुझी तीन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही, कारण मी इस्पितळात होते. आधीच सांगते, घरी आलेय. तुझ्या शेवटच्या पत्रातली "काय चाललंय काय तुझं?" ही ओळ वाचून इतका आनंद झाला! आईच्या सुरात लिहिलीस अगदी.

झालं असं. रविवार होता. सोमवारी बेचाळीस स्कर्ट कमरेच्या पट्ट्या लावून शाळेत द्यायचे होते. शनिवारी दुपारपासून माझं पोट बिघडलं होतं. गोळ्या दुप्पट करायला हव्या होत्या, झोपेतही सांगेन म्हणाले होते ना? नाही केल्या. दुप्पट केल्या म्हणजे आजारी आहोत असं कबूल केलं, मग हे मशीनवरून उठवणार, पट्ट्या राहणार. सकाळी यांनी विचारलं, "काय होतंय का? चेहरा उतरलाय." मी म्हटलं, "तसलं काही नाही." अकरा वाजता उलट्या सुरू झाल्या. बाराला मी स्कर्टांच्या ढिगात आडवी, आणि यांनी काय विचारलं तेही मला कळेना.

पण हे खाल्ल्या मिठाला जागले. हात न थरथरता इंजेक्शन दिलं, मांडीत, साडीवरूनच. पुढे डॉक्टर म्हणाले, कपड्यावरून दिलंत तरी चालतं अशा वेळी. शेजारच्यांच्या गाडीत घातलं आणि गाडी स्वतः चालवली. शेजारी मागे बसून "सिग्नल, सिग्नल" करत होता. हे म्हणाले, "पस्तीस वर्षं पाळले. आज नाही."

इस्पितळात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. पोट बिघडलंय, सलाईन लावू, पित्ताचं एक इंजेक्शन देऊ, बरं वाटलं की घरी, असं त्याचं चाललं होतं. यांनी खिशातून पिवळं कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग सरळ म्हणाला, "काका, असा पेशंट मी आजवर पाहिलेला नाही. दोन मिनिटं द्या, विचारतो." लगेच वरिष्ठांना फोन लावला, कार्डावरचं अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं, आणि कार्डाप्रमाणे सगळं केलं. मी वाचले ती त्या पोराच्या "पाहिलेला नाही" या दोन शब्दांनी. त्याला मी शर्ट शिवून देणार आहे. माप यांनी नजरेनं घेतलंय, म्हणजे तो ढगळाच होणार.

तिसऱ्या दिवशी उलट्या फायलीच्या बाई भेटायला आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांचा तोच प्रश्न. "या खेपेला काय लपवलंत?" मी स्कर्टांचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मग मलाच राहवेना. मी विचारलं, "बाई, डॉक्टरनं नेमकं विचारलं आणि घरच्यांनीच खोटं सांगितलं, तर चूक कुणाची?"

त्या म्हणाल्या, "मला तुम्ही दोन वेळा मिठाचं सांगितलं नाहीत. तिसऱ्या वेळी चक्कर आली म्हणून मी हात बघितला. नसती आली तर? मी तुमची मळमळ, तुमचं वय, तुमचं मन, हेच धरून बसले असते. ज्याला खोटं सांगितलं तो डॉक्टर त्या खोट्यावरच औषध देतो, ताई. दुसरं काय देणार?"

आणि मग मी त्यांना सगळं सांगायला लागले. आईचं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "हे मला सांगू नका. चुकीच्या डॉक्टरला सांगताय."

मी घरी येऊन पाच दिवस झाले. रोज कागद घेते आणि स्कर्टांच्या पट्ट्या मोजते. हेसुद्धा पत्र इथंच संपवतेय बघ. पण लिहीन. आईची शपथ नको, तिच्या शपथेला माझ्या तोंडी किंमत नाही. नुसतंच सांगते, लिहीन.

ताई


३ मे

खडू,

आज दुकान बंद ठेवलंय. हे बाहेर गेलेत, मीच घालवलं. एका बैठकीत लिहिणार आणि पुन्हा न वाचता पेटीत टाकणार.

त्या दिवशी आईनं तुला फोन केला तो माझ्या दुकानातून. आठवतं? फोन मशीनच्या फळीवर ठेवला होता, आवाज मोठा करून, कारण तिला कमी ऐकू यायचं. ती स्टुलावर बसली होती, मांडीवर माझं काज-बटणाचं काम. मी समोर. तुझा दवाखाना सुरू व्हायला सहा दिवस राहिले होते. मागे कुणीतरी हातोडी मारत होतं, पाटी लागत होती बहुतेक. आई म्हणाली, छातीत जळजळतं रे, काहीतरी सांग.

तू लगेच गोळी सांगितली नाहीस. तू हातोडीवाल्याला ओरडून थांबवलंस. मग विचारलंस, "आई, जिना चढताना काही होतं का? छातीत, जबड्यात, हातात? घाम येतो का? थांबावं लागतं का?"

आई म्हणाली, "छे रे, जेवल्यावरच होतं." आणि माझ्याकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. त्या बोटात अंगुस्तान होतं.

तुझं समाधान झालं नाही. तू म्हणालास, "ताई, तू सांग. तू घरात असतेस. जिना चढताना थांबते का ती?"

मी म्हटलं, "तसलं काही नाही रे. जळजळतंय फक्त."

आदल्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं. "त्याला कळलं तर तो सगळं टाकून धावत येईल, दवाखाना पुढे ढकलेल. वीस वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात राबलाय माझा मुलगा. फीत कापू दे मला. मग सांगते, शप्पथ." मला पटलं. मला खरंच पटलं रे. सहा दिवसांनी काय बिघडतंय, असं वाटलं. फीत तिनं कापली, माझ्याच कात्रीनं. घरी आलो तर म्हणाली, इतक्यात नको, दवाखान्यात आताच माणसं यायला लागलीत. आणखी सहा दिवसांनी ती गेली.

आणि मग ती खोली. माणसं बसलेली. मावशी मला म्हणाली, "तू तर चोवीस तास बरोबर होतीस. तुला काहीच दिसलं नाही?" सगळ्यांचे डोळे माझ्यावर. तेवढ्यात तू कोपऱ्यातून उठून माझ्याजवळ आलास. डोळे लाल झाले होते. तू मला विचारलंस, "ताई, मी विचारलं होतं ना गं? जिन्याचं? मला वाटतंय मी विचारलं होतं. विचारलं होतं ना?"

तू माझ्याकडे भीक मागितल्यासारखं बघत होतास. मी 'हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मला आला असता. म्हणून मी म्हटलं, "कसलं विचारलंस? गोळी सांगितलीस आणि फोन ठेवलास. डॉक्टर ना तू?"

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. स्वतःच्या आठवणीवर नाही ठेवलास, माझ्यावर ठेवलास, कारण मी ताई. सात वर्षं तू समजतो आहेस की तू विचारायला विसरलास. आपल्या आईला विचारायला जो विसरला त्यानं लोकांच्या आयांना तपासू नये, असं तुझं झालं. आणि मी रोज शटर वर करून दुकानात बसत होते.

क्षमा माग म्हणून सांगायला कुणी येणार नाही आणि क्षमा कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तू पुन्हा बोलला नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. त्या चार ओळींनीही मला खूप झालं. फक्त आभार मानते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचे मानले, बाईंचे मानले, त्या इस्पितळातल्या पोराचे मानले, यांचे तर रोज मानते. ज्यानं सगळ्यात आधी नेमका प्रश्न विचारला त्याचे राहिले होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंही राहिलंय. ते आज देते. डॉक्टरला सांगावं तसं सांगते, लिहून घे.

हो. जिना चढताना आईला होत होतं. तीन आठवडे होत होतं. नवव्या पायरीला, वळणावर थांबायची, डावा हात कठड्यावर, उजवा जबड्याखाली. कपाळाला घाम यायचा. दोन मिनिटं उभी राहिली की दुखणं थांबायचं, मग उरलेला जिना चढायची. मी तिच्यामागे पिशवी घेऊन उभी असायचे. मला सगळं दिसत होतं.

तू विचारलं होतंस, खडू. दोघींना विचारलं होतंस.

ताई